द्वारकाबाईंचा अळणी नेम

द्वारकाबाई बेडगे बेसिनपाशी उभ्या राहून वांग्याची भाजी धूत होत्या.

वांगी नव्हे. शिजलेली, फोडणी दिलेली, ताटात वाढलेली भाजी. एकेक फोड नळाखाली धरायची, बोटांनी चोळायची आणि परत ताटात ठेवायची. हात इतके थरथरत होते की दर तिसरी फोड बेसिनमध्ये पडत होती.

"द्वारकाबाई, हे काय चाललंय?"

"तिकट हाय," त्या वळून न बघताच म्हणाल्या.

आमच्या मेसची भाजी तिखट आहे, असं त्या हॉस्पिटलच्या इतिहासात कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय बोलणाऱ्या बाईंचं गावात स्वतःचं मिरची कांडप यंत्र होतं. मी खिशातून वही काढली आणि लिहिलं : 'विचित्र वर्तन. अन्न धुणे.'

मला हसू नका. मी तेवीस वर्षांची होते, सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या मानसोपचार रुग्णालयात नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि पुस्तकात वाचलेलं प्रत्येक लक्षण मला दिसेल त्या माणसात सापडत होतं. आमचा वॉचमन दोनदा कुलूप ओढून बघायचा, तर त्याचंही निदान मी मनातल्या मनात करून ठेवलं होतं.

द्वारकाबाईंना मात्र खरंच आजार होता, आणि तो त्यांनी छान सांभाळला होता. तरुणपणी त्यांना झटके येत. झोप उडायची, बोलणं आवरायचं नाही, एकदा तर त्यांनी अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं होतं आणि गाव आलंही होतं. अकरा वर्षांपूर्वी लिथियमची गोळी सुरू झाली आणि गाडी रुळावर आली. ही गोळी मोजून-मापून घ्यायची असते. रक्तात कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विषासारखी. त्यांच्या रक्तात ती जास्त झाली होती. हात थरथरत होते, पोट बिघडलं होतं, चालताना तोल जात होता. त्या स्वतःच्या पायांनी आल्या, स्वतः सही करून दाखल झाल्या. गोळी तात्पुरती बंद केली होती. ती रक्तात का वाढली, हे मात्र कुणाला कळत नव्हतं.

"मला नऊ दिसात बरं करा," दाखल होतानाच त्यांनी बजावलं. "नातीचं बारसं हाय. पाळन्याच्या एका अंगाला मी उबी ऱ्हानार."

आमच्याकडे बारसं असं नसतं. मी मराठी ख्रिस्ती, सुवार्ता साळवे. बाप्तिस्मा ठाऊक, पण पाळण्याच्या खालून बाळ द्यायचं आणि वरून घ्यायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे अक्षरशः शिकवलं. दुपारी औषधं वाटून झाली की त्या उशी चादरीत गुंडाळायच्या, मला खाटेच्या पलीकडे उकिडवं बसवायच्या आणि उशी खाटेखालून सरकवायच्या.

"घे. मान धर की गं! मान न्हाई धरलीस."

"उशीला मान कुठंय?"

"हाय. धर."

मग मी ती वरून परत द्यायची. त्यांच्या थरथरत्या हातांतून उशी दर वेळी निसटायची. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायचं बंद केलं.

आमच्या इनचार्ज होनराव सिस्टरांनी एकदा हा प्रकार दारातून पाहिला. मी खाटेखाली अर्धी आत होते. "साळवे, बाहेर आलात की केस नीट करा," एवढं म्हणून गेल्या. होनराव सिस्टर पंचावन्नच्या, बारीक, खडूस. मानसिक आरोग्याचा नवा कायदा लागू झाला तेव्हा त्यांनी रुग्णांचे हक्क स्वतःच्या हातानं चार्टपेपरवर लिहून भिंतीवर लावले होते. रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतील. उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळेल. असं बरंच. मला तो कागद पाठ होता, कारण त्या येता-जाता कुठलाही मुद्दा विचारायच्या.

तर, धुतलेली वांगी. मी द्वारकाबाईंच्या मागेच लागले. दुपारी वरण त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिलं, भाकरी गुळाशी खाल्ली. संध्याकाळी कोरा भात, त्यावर दूध. मी विचारलं, "उपवास आहे का?"

"उपासाला कुनी भात खातंय व्हय?"

"मग?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुनाला सांगनार न्हाईस?"

"नाही सांगणार."

"तुज्या देवाची शपत घे."

आमच्यात शपथ घेऊ नये म्हणतात. पण मला ते गुपित इतकं हवं होतं की मी घेतली.

"मीठ सोडलंय," त्या कुजबुजल्या. "आषाढी एकादशीपास्नं. कार्तिकापातूर अळनी खायचं. गावच्या मरगूबाई देवीला बोललीया. नेम कुनाला सांगायचा नसतो, सांगितला की त्येचं फळ जातंय. घरात बी ठावं न्हाई."

"कशासाठी पण?"

"ते तर मुळीच सांगायचं नसतं."

एवढं बोलून त्या दूधभात खायला लागल्या. मला मात्र पुस्तकातलं एक वाक्य लख्ख आठवलं : आहारातलं मीठ कमी झालं की शरीर लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. आणि त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली. द्वारकाबाई दाखल झाल्या तेव्हा त्यांचा आहाराचा फॉर्म मीच भरला होता. 'मीठ' या रकान्यात मी न विचारताच 'नेहमीप्रमाणे' लिहिलं होतं. मीठ काय, सगळेच खातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मगदूम राउंडला आले. रिपोर्ट बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बंद करूनही म्हणावं तितकं उतरत नाही. किडनीचे रिपोर्ट चांगले, दुसरं औषध नाही, खाणंपिणं नेहमीचं. आजी, ही गोळी तुम्हाला आता मानवत नाही बहुतेक. उद्याच्या रिपोर्टमध्ये फरक नसेल तर कायमची बदलू."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. "डागदर, ह्या गोळीनं मी मानसात आली. दुसऱ्या गोळ्या खाऊन बगितल्यात. एक घेतली तर दिसभर झोपायची, दुसरी घेतली तर भिताडाशी भांडायची. ही नका काडू."

"बघू उद्या," डॉक्टर म्हणाले.

मी तिथं उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण शपथ घेतलेली. शिवाय फॉर्मवर माझी सही. दोन्हींतलं जास्त कशानं माझं तोंड बंद झालं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुपारपर्यंत मला एक भन्नाट कल्पना सुचली. शपथ मोडायची नाही, नेम मोडायचा नाही, फॉर्मची भानगड उघडी पडायची नाही आणि द्वारकाबाई बऱ्याही व्हायच्या. त्यांना कळू न देता पोटात मीठ घालायचं. लहानपणी आई मला जंताचं औषध खिरीतून द्यायची. मला कुठं कळलं होतं?

मी पॅन्ट्रीत गेले. दोन लिंबं पिळली, पाच चमचे साखर, सढळ हातानं मीठ, वरून पुन्हा दोन चमचे साखर. चव घेतली. मीठ ओळखू येत नव्हतं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

"सरबत आणलंय," मी म्हटलं. "उकाडा आहे ना."

द्वारकाबाईंनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. धरताना थोडं सांडलं.

"तुला सांगते सुवार्ता, मी कुनाच्या हातचं पीत न्हाई असं. माजा म्हादेव हाय न्हवं, माजं पोरगं. मागं मी गोळी खाईना, तवा त्यानं ती चुरून चहात घातली. कपाच्या तळाला पांढरं दिसलं मला. पोराचं बी काय चुकलं म्हना, भ्यालं व्हतं. पर तवापास्नं घरातला चहा माजा मी सवता करून पिते. अकरा वर्सं झाली. सून म्हनती, आत्या, मी करते. म्हनलं, नको बाई." त्यांनी ग्लास उचलला. "तुजं तसं न्हाई. तुला तर माजा नेम ठावं हाय. तू दिलंस म्हंजी मला बगायला नको."

ग्लास ओठांशी गेला आणि मी तो हिसकावला. अर्धं सरबत त्यांच्या हिरव्या लुगड्यावर, अर्धं माझ्या युनिफॉर्मवर.

"यात मीठ आहे," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"डागदरनं सांगितलं?"

"नाही."

"मग?"

"मीच घातलं."

पुढचे काही क्षण मला नकोसे झाले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी पदरानं लुगडं पुसलं, खाटेवर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

"तू बी तसलीच," एवढंच म्हणाल्या.

मी रडत होनराव सिस्टरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. शपथ, फॉर्म, सरबत, सगळं. त्या ड्यूट्यांचा तक्ता लिहीत होत्या. माझं संपेपर्यंत त्यांनी एक ओळ पुरी केली, पेनला टोपण लावलं.

"डोळे चोळू नका, हाताला लिंबू असेल."

हात धुऊन आले तर त्यांनी द्वारकाबाईंची फाइल उघडून ठेवली होती. 'नेहमीप्रमाणे'वर त्यांचं बोट होतं.

"हे न विचारता लिहिलंत. त्याचा कागद तुमच्या हातानं लिहायचा आणि मला द्यायचा. सरबताचाही. दुसरं, गुपित ऐकायच्या आधी शब्द देऊ नये. 'तुमच्या तब्येतीचं असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल', हे आधी सांगायचं, मग ऐकायचं. आता डॉक्टरांना सांगणं भाग आहे. जिवाचा प्रश्न आहे."

"मी सांगते त्यांना आत्ताच."

"थांबा. आधी त्यांना सांगा."

"कुणाला?"

"जिचं रक्त आहे तिला." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे मान वळवली. "पाचवा मुद्दा. म्हणा."

"उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत," मी पुटपुटले.

"जा मग."

मी जाऊन द्वारकाबाईंच्या पाठीशी स्टूल ओढून बसले. पाठीशी बोलणं सोपं नसतं. काय काय बोलायचं ते मनात जुळवलं, आणि ते सगळं विसरून भलतंच बोलले.

"द्वारकाबाई, तुमची गोळी आहे ना, ती मिठाच्याच जातीची आहे. रोज पोटात मीठ जातं तेव्हा शरीर जास्तीचं मीठ बाहेर टाकतं, त्याबरोबर ही जास्तीची गोळीही टाकतं. मीठ आलंच नाही तर शरीर घाबरतं. आहे ते धरून ठेवतं. आणि मिठाबरोबर गोळीही धरून बसतं. म्हणून ती रक्तात वाढली."

त्यांनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

"नेम मोडाच असं मी म्हणत नाही. नेम ठेवला तर डॉक्टर गोळी बदलतील. मीठ खाल्लं तर हीच गोळी चालू राहील, असं मला वाटतं. काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण हे डॉक्टरांना कळायला हवं. तुम्ही सांगा, नाहीतर उद्या सकाळी मला सांगावं लागेल. तुम्हाला न कळवता नाही सांगणार. आणि सरबताबद्दल माझं चुकलं. फार चुकलं."

मी उठायला लागले, तेवढ्यात त्या वळल्या.

"म्हंजी मीठ सोडलं म्हनून हात हालतात?"

"हो."

"माज्या नेमानं?"

"हो."

त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. मग एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं.

"आगं, नात झाल्यावर तीन डाव गेली मी बगायला. तिन्ही डाव इहीनबाई म्हनली, राहू द्या, झोपलीया. झोपली नव्हती गं. टकामका बगत व्हती दुपट्यातनं. मला आजार हाय म्हनून मांडीवर देईनात. सुनेचं बी खरं हाय, भीती वाटनारच. म्हनून बोलली मरगूबाईला. म्हनलं, मीठ सोडते, माजं डोकं शाबूत ठेव, हात भक्कम ठेव, बारशाला पोर माज्या हातात पडू दे." त्यांनी डोळे पुसले. "आन त्या नेमानंच हात गेले व्हय माजे!"

मीही रडले. होनराव सिस्टर दारातून आल्या तशा परत गेल्या.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा द्वारकाबाई वेणीफणी करून, पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"डागदर, गोळी बदलायची न्हाई. मी मीठ सोडलं व्हतं. आता खानार."

डॉक्टर मगदूम त्यांच्याकडे, मग फाइलकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, फॉर्म मी न विचारता भरला होता." ते मला जे बोलले ते इथं लिहीत नाही. रास्तच बोलले.

"पण आजी, नेमाचं काय?" होनराव सिस्टरांनी विचारलं.

"रातच्याला बोललीया मरगूबाईशी. म्हनलं, मीठ माजं मला परत दे, त्याच्या बदल्यात मिठापरास जड काय ते घे." त्यांनी कनवटीला हात घातला आणि एक पत्र्याची डबी काढून होनराव सिस्टरांच्या हातावर ठेवली. मिश्रीची डबी. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दात घासल्याशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं, ती तंबाखूची मिश्री.

"मी तर दोन डब्या काढून घेतल्या होत्या तुमच्या," होनराव सिस्टर म्हणाल्या. "ही तिसरी?"

"चवथी."

डॉक्टरसुद्धा हसले. द्वारकाबाईंनी मोर्चा माझ्याकडे वळवला.

"आन तुजं काय? चुकलीस न्हवं तू?"

"हो."

"मग तू बी नेम धर. आजपास्नं कुनाच्या बी हातात कायबी देताना, त्यात काय हाय ते सांगून द्यायचं. गोळी असू दे न्हाईतर पानी. न सांगता द्यायचं न्हाई."

"कार्तिकापर्यंत?"

"तुजं कार्तिक मी सांगन तवा," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस वॉर्डानं मिठाचा फायदा आणि मिश्रीचा तोटा एकदमच भोगला. द्वारकाबाई भाजी चाटूनपुसून खात होत्या आणि सगळ्यांवर खेकसत होत्या. डॉक्टरांना त्यांनी "हळू चाल की, काय पळतोस" म्हणून झापलं. मेसवाल्याला बोलावून वांग्याची भाजी कशी करायची यावर अर्धा तास ऐकवलं, त्यानंतर भाजी खरंच सुधारली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट खाली आला. चौथ्या दिवशी त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला उचलून माझ्यासमोर धरला. एक थेंब सांडला नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी, गोळी पुन्हा सुरू करून आणि रक्त पुन्हा तपासून, डॉक्टरांनी त्यांना घरी सोडायचं ठरवलं. महादेव न्यायला येणार होता. त्याची वाट बघत आम्ही भेटीच्या खोलीतल्या बाकड्याच्या दोन बाजूंना बसलो, आणि अर्थातच चादरीत गुंडाळलेली उशी बाकड्याखालून गेली, वरून आली, खालून गेली, वरून आली.

"मान धर."

"धरलीय."

तेवढ्यात माझं दाराकडे लक्ष गेलं. महादेव उभा होता, आणि त्याच्या पुढं त्याची बायको, पल्लवी. छातीशी दुपट्यातलं बाळ. किती वेळ ती बघत होती कोण जाणे. द्वारकाबाईंनी आदल्या संध्याकाळी तिला फोन करून स्वतःच सगळं सांगितलं होतं, मिठापासून मिश्रीपर्यंत आणि न झोपलेल्या बाळापर्यंतसुद्धा.

पल्लवी आत आली. बाकड्यापाशी माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"आत्या, उशी ठेवा आता," ती म्हणाली.

तिनं बाळ बाकड्याखालून पुढं केलं. द्वारकाबाईंनी घेतलं. एक हात मानेखाली, एक हात पाठीखाली. हात जराही हलले नाहीत. त्यांना वरून परत द्यायचं होतं, पण त्यांनी दिलंच नाही. आम्हीही मागितलं नाही. बाळ टकामका बघत होतं.

या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. होनराव सिस्टर निवृत्त झाल्या, जाताना तो चार्टपेपर मला देऊन गेल्या. मी आता इनचार्ज आहे आणि नव्या पोरींना खडूस वाटते. द्वारकाबाई दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. माझं कार्तिक त्यांनी अजून सांगितलेलं नाही. घरी नवरा माझी थट्टा करतो. मी पाण्याचा पेला पुढं केला की म्हणतो, "यात काय आहे, सांगा सिस्टर."

गेल्या नाताळानंतर त्या आल्या तेव्हा नात बरोबर होती, ईश्वरी. मी घरच्या करंज्यांचा डबा उघडून तिच्यापुढं धरला. पोरीनं हात मागं नेले, आजीकडे बघितलं, मग मला ठणकावून विचारलं, "यात काय हाय?"

द्वारकाबाई छताकडे बघत बसल्या होत्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

"सुकं खोबरं," मी म्हटलं. "रवा. पिठीसाखर. वेलदोडा. वरच्या पारीत मैदा आणि तूप."

"आनि?" छताकडे बघतच द्वारकाबाई म्हणाल्या.

"आणि चिमूटभर मीठ."

"घे मग," त्यांनी नातीला सांगितलं, आणि आधी स्वतःचाच हात डब्यात घातला.